मेष्ट्रुंच्या घरचा वर्ग

तहानेने घसा कोरडा पडलेल्या माणसासमोर पाण्याचा तांब्या धरून उभे राहायचे आणि त्याने कन्नडमध्ये पाणी मागेपर्यंत तो त्याच्या हाती लागू द्यायचा नाही, हा ज्यांचा रोजचा उद्योग होता, त्या आमच्या मेष्ट्रुंइतका दयाळू माणूस मी अख्ख्या बंगळूरात दुसरा पाहिला नाही. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. त्यांना स्वतःचे नाव होते आणि ते चांगले लांबलचक होते, पण मल्लेश्वरमात ते कुणी वापरल्याचे मला आठवत नाही. बंद गळ्याचा कोट, कडक काष्ट्याचे धोतर, डोक्यावर जरीच्या काठाचा पेटा आणि कोटाच्या उजव्या खिशात तपकिरीची डबी, असे ते दिवसा एका शाळेत मुलांना शिकवीत आणि संध्याकाळी त्याच शाळेच्या हॉलमध्ये आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या थोराड मंडळींना कन्नड शिकवीत. या वर्गाला फी नव्हती. त्यामुळे पैसे वसूल होत नाहीत म्हणून सोडला, असे म्हणण्याचीही सोय नव्हती.

एकोणीसशे साठच्या आगेमागे मी वाईहून इथल्या एका सरकारी कारखान्यात नकाशे काढायच्या नोकरीवर आलो. कारखान्यात इंग्रजीवर भागत होते. घरी मात्र माझी बायको सुमती वठारात एकटी पडली होती. आपल्याकडची चाळ मजल्यावर मजले न चढवता जमिनीवर आडवी निजवली की तिचे वठार होते. अंगण एक, नळ एक, आणि नळावरच्या साऱ्या बायका कन्नड बोलणाऱ्या. सुमती पुण्याची. पुण्याच्या बाईला नळावर गप्प उभे राहावे लागणे ही किती मोठी शिक्षा आहे, हे मी वेगळे सांगायला नको. तिने महिनाभर सोसले आणि मग एक दिवस मला सांगितले की एक तर मला माहेरी पोचवा, नाहीतर ही भाषा शिकवा. माहेरचा प्रवास लांबचा होता आणि वर्ग दोन गल्ल्यांवर, म्हणून आम्ही दोघेही मेष्ट्रुंच्या हॉलमध्ये जाऊन बसलो.

मेष्ट्रुंच्या वर्गात पुस्तक नव्हते, फळ्यावर व्याकरण नव्हते आणि अमुक शब्दाचा अर्थ तमुक असे सांगण्याची पद्धत तर मुळीच नव्हती. त्यांचा एकच रूल होता. हॉलच्या उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या आणि आपापली भाषाही तिथेच ठेवायची. जाताना दोन्ही घालून जायला त्यांची हरकत नसे. आत मेष्ट्रुंना जगातली दुसरी कुठलीही भाषा कळत नसे. तुम्ही हिंदीत बोला, इंग्रजीत बोला, ते अशा निर्विकार चेहऱ्याने तुमच्याकडे बघत की आपण माणसासारखे बोललो की काहीतरी भलताच आवाज काढला, असा आपल्यालाच संशय यावा. आमच्या वर्गात एक सरदारजी होते, पलटणीतून निवृत्त होऊन मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान काढलेले. पहिल्याच संध्याकाळी त्यांना ठसका लागला. त्यांनी पंजाबीत पाणी मागितले, हिंदीत मागितले, मग अंगठा तोंडाकडे नेऊन मागितले. मेष्ट्रु तांब्या घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले आणि अत्यंत मायेने म्हणाले, "नीरु बेकु." सरदारजींचे डोळे पांढरे व्हायला आले. शेवटी त्या धिप्पाड माणसाने लहान मुलासारखे "नीरु बेकु" म्हटले, तेव्हा मेष्ट्रुंनी स्वतःच्या हाताने त्यांना पाणी पाजले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सरदारजी पुढे वर्गात सगळ्यांच्या आधी येत आणि आल्याबरोबर, तहान असो नसो, पाणी मागत.

वर्ग म्हणजे रोज नवे नाटक असे. एक दिवस बाके एकामागे एक लावून त्याची बस केलेली असायची आणि मेष्ट्रु कंडक्टर झालेले असायचे. कुठे उतरायचे ते कन्नडमध्ये सांगितल्याशिवाय बस थांबत नसे. मी एकदा नेमका उतरायचा शब्द विसरलो. बाकीचे एकेक करून उतरले, चपला घालून घरी गेले, सुमतीसुद्धा गेली, आणि मी रिकाम्या बसमध्ये मेष्ट्रुंच्या सोबतीने बसून राहिलो. शाळेचा शिपाई दाराला कुलूप लावायला आला तेव्हा त्याला माझी दया आली आणि त्याने मागून हळूच शब्द सांगितला. दुसऱ्या दिवशी हॉलचा दवाखाना व्हायचा. वर्गातल्या एका बंगाली गृहस्थांना फक्त दातदुखी सांगता येत होती, म्हणून ते वर्षभर दातांनीच आजारी पडले. त्यांना सांगायचे असे सर्दीचे, पण हात मात्र गालावर जायचा. मेष्ट्रु त्यांची नाडी बघत, जीभ बघत, आणि दर वेळी तीच लवंग चावायला देत.

भांडल्याशिवाय भाषा येत नाही, असे मेष्ट्रुंचे ठाम मत होते. म्हणून ते मुद्दाम भांडण उकरून काढत. कंडक्टर झाले की सुटे पैसे नाहीत म्हणत, वाणी झाले की वजनात मारत. सुमतीने वर्गात पहिले सलग कन्नड वाक्य म्हटले ते असेच, मेष्ट्रुंनी तिला कागदाचा सडका टोमॅटो दिला तेव्हा. वाक्य बरेच लांब होते आणि त्यात मेष्ट्रुंच्या दुकानाचे, तराजूचे आणि सचोटीचे वाभाडे होते. ते ऐकताना मेष्ट्रुंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा मी नंतर फक्त एकदाच पाहिला.

वर्ग हॉलमध्ये संपतो अशी आमची समजूत होती, ती लवकरच दूर झाली. मल्लेश्वरमच्या भाजीबाजारातली एक म्हातारी सुमतीशी पहिल्या दिवसापासून मोडक्या मराठीत बोलायची. आम्ही वर्गात जायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्या बाईची मराठी गेली. सुमतीने कोथिंबीर मागितली तर ती आभाळाकडे बघायला लागली. शेजारच्या गाळ्यावर गेलो तर तोही आभाळाकडे. सुमती बोट दाखवायला लागली तर म्हातारीने कोथिंबिरीवर ओले पोते टाकले आणि ओशाळून म्हणाली, "मेष्ट्रु हेळिदारे." मेष्ट्रुंनी सांगून ठेवलंय. सगळ्या बाजाराला त्यांनी आमची तोंडे दाखवून ठेवली होती. त्या दिवशी आम्ही बिनकोथिंबिरीची आमटी जेवलो आणि सुमतीने मेष्ट्रुंना, चपलांबरोबर बाहेर ठेवायच्या भाषेत, बरेच काही म्हटले. पण पुढच्या आठवड्यात ती "कोत्तंबरि सोप्पु" घेऊन घरी आली, वर मिरच्या फुकट घेऊन आली, आणि नळावर तिचा आवाज इतरांपेक्षा वर ऐकू यायला लागला. मग मेष्ट्रु देवमाणूस ठरले.

अशा या माणसाने आम्हाला दसऱ्याला घरी बोलावले. चामराजपेटेत जुने कौलारू घर होते. दारात मेष्ट्रु उभे. आम्ही चपला काढल्या आणि सवयीने कन्नडची जुळवाजुळव करू लागलो, तर ते म्हणाले, "या, या. ऊट झालं का? बसा. पद्दी, कॉफी आण बघू स्वल्प."

आम्ही दोघे उभेच राहिलो. मेष्ट्रु मराठी होते. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज घोड्यावर बसून इकडे आले, घोडे गेले, लढाया गेल्या, पण घरात मराठी राहिली. अर्थात तीनशे वर्षे कन्नडच्या शेजारी राहून तिला जे काही व्हायचे ते झाले होते. हेल कानडी, निम्मे शब्द कानडी, जेवणाला ऊट, बायकांच्याही तोंडी करतो-जातो, आणि मधूनच एखादा इतका जुना मराठी शब्द की तो मी फक्त आजोबांच्या तोंडी ऐकलेला. मी विचारले, "मेष्ट्रु, मग वर्गात कधी बोलला नाहीत ते?" ते तपकीर ओढून म्हणाले, "बोललो असतो तर तुम्ही कन्नड शिकला असता होय? रूल म्हणजे रूल. घरचं वेगळं."

पद्दी म्हणजे पद्मा, त्यांची एकुलती एक मुलगी. पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली होती. बंगळूरात भाऊबंद होते, पण त्यांच्या घरांतली मुले आता कन्नडच बोलत, त्यामुळे ही घरची मराठी उरली होती ती या बापलेकीत. काय बोलायची दोघे. शाळेतल्या शिपायापासून शेजारच्या गाईपर्यंत एकही विषय सुटायचा नाही. पद्मा बापाची नक्कल करायची, बाप तिच्या रसमला नावे ठेवायचा, आणि आम्ही पाहुणे आहोत हे दोघांनाही विसरायला होई. वर्गात शब्दाशब्दाला अडवणारे मेष्ट्रु घरात वाक्य अर्धे सोडून देत, कारण उरलेले अर्धे पद्माला आधीच कळलेले असे.

पुढच्या पावसाळ्यात पद्माला पुण्याचे स्थळ सुमतीनेच आणले. मुलगा इंजिनियर, माणसे चांगली. ती मंडळी बंगळूरला मुलगी बघायला आली, तेव्हा मुलाच्या आत्याने विचारले, "चिवडा तू केलास का गं?" पद्मा उत्साहाने म्हणाली, "होय, मीच केलो. खार स्वल्प जास्ती पडलं की काय, बघा की." आत्याबाई हसल्या. वाईट मनाने नव्हे, पण हसल्या, आणि मग सगळेच हसले. "गोड बोलते हो," आत्याबाई म्हणाल्या, "पण ही मराठी म्हणायची तरी कुठली?" पद्माही हसली. स्थळ पसंत पडले, कार्तिकातली तिथी धरली. मंडळी गेल्यावर पद्माने कपबशा आत नेल्या आणि बापाला शांतपणे सांगितले, "अण्णा, लग्न करतो मी. पण तिथं जाऊन तोंड उघडणार नाही. कधीच नाही." बोलल्याशिवाय एक घटका न राहणारी ती मुलगी खरोखरच आयुष्यभर गप्प बसेल, एवढी ती बापावर गेली होती.

मेष्ट्रु दुसऱ्या दिवशी आमच्या वठारात आले आणि सुमतीला म्हणाले, "अक्का, तुम्ही पुण्याच्या. आता मेष्ट्रु तुम्ही." सुमतीने तपकीर ओढण्याखेरीज त्यांची सगळी पद्धत उचलली. लग्नापर्यंत चामराजपेटेच्या त्या घरात पुण्याच्या मराठीखेरीज काही बोलायचे नाही. कानडी शब्द नाही, घरचा हेल नाही. आणि हे घरातल्या सगळ्यांना लागू, कारण एकट्या माणसाचा वर्ग होत नाही, असे मेष्ट्रुंनीच आम्हाला शिकवले होते. ते म्हणाले, "सरी. म्हणजे, बरं."

सुमती रोज दुपारी जाऊन बसू लागली. तिच्याकडे मेष्ट्रुंची शिस्त होती, पण माया दाखवायला वेळ नव्हता. पद्मा भराभर शिकली. तिला सासूशी बोलायला शिकवले, दूधवाल्याशी भांडायला शिकवले, पाहुण्यांना आग्रह करायला आणि मनात नसताना आग्रह करायलाही शिकवले. पंचाईत झाली ती मेष्ट्रुंची. साठीला आलेला माणूस, त्याने एक वाक्य उच्चारावे आणि सुमतीने त्याला तीन जागी थांबवावे. एकदा ते कॉफी मागायला बसले. पहिल्यांदा स्वल्प आला म्हणून अडवले, दुसऱ्यांदा हेल वर गेला म्हणून, तिसऱ्यांदा त्यांनी घाबरून एवढे शुद्ध वाक्य म्हटले की सुमती म्हणाली, असे पुण्यात फक्त पंचांगात छापतात. तोवर कॉफी निवली. पद्मा पदर तोंडाला लावून हसत होती आणि मेष्ट्रुही हसत होते. पण हळूहळू त्यांच्यापाशी न चुकणारी अशी काही थोडी वाक्येच उरली. "जेवण छान झालंय." "दिवे लागले का?" "मी निघतो." तीच ते सकाळ-संध्याकाळ फिरवून वापरत. शाळेतून येताना गंमत घडली तर ती सांगायला तोंड उघडत, वाक्य मनात लावून बघत, आणि म्हणत, "जेवण छान झालंय."

संध्याकाळच्या वर्गाला मात्र ते आता फार लवकर यायला लागले आणि आम्हालाही उशिरापर्यंत सोडेनात. वर्ग सुटला की त्यांना सोडायला मी बसथांब्यापर्यंत चालत जायचो. उंबऱ्याबाहेर त्यांच्या मराठीला मुभा होती. "पद्दीला सांगायचं पुष्कळ साठलंय हो," ते म्हणायचे. "तिच्या आईचं एक-दोन आहे. घरचं आहे. लग्न लागू दे, रूल संपू दे, मग निवांत सांगतो."

मी म्हटले, "मेष्ट्रु, रात्री जेवताना बोला की अर्धा तास. सुमतीला कोण सांगायला जातंय?"

ते थबकले आणि माझ्याकडे वर्गातल्यासारखे बघू लागले. "सरदारजीला ठसका लागला होता, तेव्हा रूल मोडलो मी?"

"अहो, ते परके. ही तुमची मुलगी, दोन महिन्यांनी जाणार."

"म्हणून तर," ते म्हणाले. "मुलीला सोडलो तर ती तिथं मुकी बसेल. मी दोन महिने मुका राहिलो तर काय होतंय." मग त्यांनी डबी काढली आणि बस येईपर्यंत ते तपकीर ओढत राहिले. हा हट्टी माणूस मला त्या दिवशी जेवढा आवडला तेवढा कधीच आवडला नव्हता, आणि त्याचा जेवढा राग आला तेवढाही कधी आला नव्हता.

लग्न थाटात झाले. पुण्याची मंडळी उतरल्याबरोबर आत्याबाई पद्माला शोधत आल्या. पद्माने वाकून नमस्कार केला, प्रवास कसा झाला विचारले, चहा आधी की अंघोळ विचारले, आणि आत्याबाईंनी नको नको म्हटल्यावर "असं कसं, आत्याबाई, थोडा तरी घ्यायलाच हवा," असा तो मनात असलेला आग्रह केला. आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "अगं, ही तर अगदी आपल्यातली," त्या म्हणाल्या आणि तिला जवळ घेतले. खांबाआडून मेष्ट्रु ऐकत होते. टोमॅटोच्या दिवशी पाहिलेला तो आनंद मी पुन्हा तिथे पाहिला.

निघायची वेळ झाली. टॅक्सीच्या टपावर ट्रंका बांधत होते, आणि मंगल कार्यालयाच्या ओट्यावर बापलेक घटकाभर शेजारी बसली होती. सुमती आणि मी जवळच होतो. मेष्ट्रुंनी पेटा काढून मांडीवर ठेवला. रूल संपला होता.

"पद्दी," ते म्हणाले, त्यांच्या त्या जुन्या, हेलाच्या मराठीत, "ऐक की स्वल्प. मी पुष्कळ सांगायचं ठेवलो होतो बघ. तुझी आई इथं लग्न होऊन आली तवा..."

"अण्णा, आता कशाला त्या आठवणी," पद्मा म्हणाली. डोळे भरलेले, आवाज मऊ, आणि बोलणे असे की शनिवारवाड्याच्या सावलीत वाढली असावी. "तुम्ही वेळेवर जेवत जा हं. माझी काळजी करू नका. मी अगदी मजेत राहीन."

मेष्ट्रु थांबले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, एक घरचा शब्द टाकून बघितला, पद्मा लहान असताना दोघे गाईला हाक मारायचे तो. ती हसली, त्यांचा हात धरला, आणि पुन्हा त्याच स्वच्छ, सुरेख मराठीत काहीतरी प्रेमाचे बोलली. तिला काही कळलेच नव्हते. ती आता असेच बोलत होती. सुमतीने मान फिरवली. टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला, पद्मा पाया पडली आणि गेली.

टॅक्सी वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर मेष्ट्रुंनी पेटा डोक्यावर नीट बसवला. "बघितला?" ते मला म्हणाले. "पास झाली. असली स्टुडंट मला कधी मिळाली नव्हती." मग ते डबी शोधत राहिले, ती हातातच होती.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले. काही काम नव्हते. अंगणात खुर्ची टाकली, तिच्यावर बसले, वर्गाचे दोन शब्द बोलले आणि गप्प झाले. सुमती आतून आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अण्णा, ऊट झालं का? कॉफी आणतो की स्वल्प." मी तिच्याकडे बघतच राहिलो. पद्माची ती भाषा सोडवता सोडवता हिने ती शब्दाशब्दाने उचलली होती. मेष्ट्रुंनी मान वर केली आणि सांगायला सुरुवात केली, शाळेतला शिपाई, शेजारची गाय, पद्माच्या आईचे ते एक-दोन. मग दर रविवारी येऊ लागले. सुमतीच्या त्या मराठीत चुका पुष्कळ असायच्या. मेष्ट्रुंनी एकही कधी दुरुस्त केली नाही.